मेजर रॉबर्ट गिल, अजिंठ्याचे चित्रकार

भुसावळ हे आमच्या खानदेशातील मोठे जंक्शन. तेथे गाडी बदलण्याकरिता आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा उतरलेच असतील. परंतु त्याच भुसावळच्या जुन्या युरोपियन कबरस्थानात एक असा मनुष्य विसावा घेत आहे, की ज्याने आपल्या आयुष्याची सुमारे चौतीस वर्षे आमच्याच डोंगरातील दगडी भिंतींपुढे घालविली, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. आसपासचे लोक त्यांस गिलसाहेब म्हणत. आज आम्ही त्यांचे चरित्र आमच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. गिलसाहेब मिशनरी नव्हते, उपदेशक नव्हते, आणि निर्दोष तर नव्हतेच. ते लष्करी अंमलदार होते, नामांकित शिकारी होते आणि चित्रकार होते. मग त्यांची कथा आमच्या पत्रात का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी वाचकांस आपोआप मिळेल, अशी आम्हांस आशा आहे.

गिलसाहेबांचा जन्म इंग्लंडात ता. २६ सप्टेंबर १८०४ रोजी झाला. त्या काळी हिंदुस्थानचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होता, आणि अनेक इंग्रज तरुण मिसरूड फुटते न फुटते तोच कंपनीच्या फौजेत दाखल होऊन या देशी येत. वयाची विशी उलटण्याच्या सुमारास गिलसाहेबही असेच मद्रास इलाख्याच्या फौजेत आले. तेथे त्यांनी वीस वर्षे नोकरी केली, आणि पायरीपायरीने ते कॅप्टनच्या हुद्द्यास चढले. हातात कुंचला धरण्याची देणगी त्यांस उपजतच होती. बरोबरीच्या अंमलदारांत चांगला चित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले, आणि याच देणगीने पुढे त्यांच्या आयुष्याची वाट बदलली.

अजिंठ्याची लेणी कोठे आहेत हे आमच्या जळगाव जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. खानदेशाचे सपाट रान संपून सातमाळ्याचे डोंगर जेथे उभे राहतात, तेथे वाघूर नदीच्या वाकणावर घोड्याच्या नालासारख्या कड्यात ही सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. हीच वाघूर पुढे आमच्या जिल्ह्यातून वाहत जाऊन तापीस मिळते. लेण्यांतील सर्वांत जुनी ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीची आहेत, आणि पुष्कळशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. बौद्ध भिक्षू तेथे राहत. दगडी भिंतीवर भुसा कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर बहुतकरून माती व खडे दळून केलेले रंग, अशा रीतीने त्यांनी त्या भिंती चित्रांनी भरून टाकिल्या. पुढे भिक्षू गेले, रान वाढले, आणि वटवाघळांनी तेथे वस्ती केली. इ. स. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अंमलदार वाघाच्या शिकारीस आला असता लेणी त्याच्या दृष्टीस पडली, असे पुस्तकांत लिहिले आहे. परंतु आसपासच्या गुराख्यांस व भिल्ल बांधवांस ती जागा नेहमीचीच ठाऊक होती, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

इ. स. १८४३ साली जेम्स फर्गसन या विद्वान गृहस्थाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांविषयी निबंध वाचला. ही चित्रे पावसाच्या ओलीने, धुराने व मनुष्यांच्या हातांनी झपाट्याने नष्ट होत आहेत, तरी ती नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून ठेवाव्या, असे सोसायटीने कंपनी सरकारास कळविले. सरकारास ते पटले, आणि त्या कामी १८४४ साली कॅप्टन गिल यांची नेमणूक झाली. पुढील वर्षी ते अजिंठ्यास आले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. काम थोडक्या वर्षांत उरकेल असे कोणास वाटले असेल तर तो अंदाज साफ चुकला.

तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात मोडत असे, आणि घाटाखाली इंग्रजांचा खानदेश लागत असे. खानदेश इंग्रजांकडे येऊन पुरी तीस वर्षेही झाली नव्हती. धरणगाव येथे औट्रामसाहेबांनी १८२५ साली भिल्लांची पलटण उभी केली, तेव्हा कोठे बंडाळी शमू लागली होती. डोंगरात दाट जंगल होते व वाघ, बिबटे, अस्वले उदंड होती. हिवतापाने तर खानदेशाचे नाव दूरवर वाईट झालेले होते. गिलसाहेबांनी अजिंठा गावातील बारादरीत बिऱ्हाड केले. तेथून घाट उतरून लेण्यांत जावयाचे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावयाचे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

नक्कल करणे हे सोपे काम, असे कोणास वाटेल. परंतु लेण्यांच्या आत उजेड अगदी बेताचा. दिवसातून थोडा वेळ दाराने किरण आत येतात, तेवढ्यात रंग पारखावा लागतो. चित्रे भिंतीवर उंच, कोठे छताला. कोठे धुराने काळवंडलेली, कोठे पापुद्रे सुटलेली. कड्याला आग्यामोहोळे लागलेली असत, आणि ती उठली म्हणजे पळता भुई थोडी होई. गिलसाहेब मोठमोठ्या कॅनव्हासवर तेलरंगांत नकला करीत, आणि त्यांतील कित्येक मूळ चित्राएवढ्याच मोठ्या असत. भिंतीवर जेथे रंग उडालेला असेल तेथे आपल्या मनचे घालावयाचे नाही, आणि जे आहे त्यातील रेघही सोडावयाची नाही, असा हा नकलनविसाचा धर्म आहे. ज्यांनी शास्त्राच्या हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्या लेखकांविषयी ऐकले असेल, त्यांस या धर्माची थोरवी समजेल.

आमच्या शेतकरी वाचकांस त्या भिंतींवरील जनावरे पाहून विशेष आनंद होईल. पहिल्या लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांचे चित्र आहे. त्यांचे वशिंड, मानेखालची पोळी आणि टक्कर घेताना ताठलेली पाठ पाहून, पोळ्याच्या दिवशी वेशीत उभ्या राहणाऱ्या आपल्याच बैलांची आठवण व्हावी. त्याच लेण्याच्या छतावर कमळांतून दुडदुडणारा हत्ती आहे. दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग आहे, आणि प्रत्येक हंसाची मान निराळ्या ऐटीने वळलेली आहे. माकडे, हरणे, घोडे यांना तर गणती नाही. चितारणाऱ्याने ती जनावरे डोळे भरून पाहिली होती आणि त्यांजवर त्याचे प्रेम होते, हे पाहताक्षणीच कळते.

येथेच गिलसाहेबांच्या चरित्रातील एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवसा जनावरांची चित्रे उतरविणारा हा मनुष्य त्या मुलखातील नावाजलेला वाघमाऱ्या होता. त्यांनी दीडशेवर वाघ मारिले, असे सांगतात. ही संख्या वाढवून सांगितलेली असो वा नसो, त्यांच्या बंदुकीची कीर्ती मोठी होती यात संशय नाही. त्या काळी शिकाऱ्याची वाहवा होई. आमच्या देशात १९७२ साली वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा होऊन वाघ मारणे हा गुन्हा ठरला, आणि आता खानदेशात वाघाचे दर्शन दुर्मिळ झाले आहे.

दहाव्या व सतराव्या लेण्यांत एका सहा सुळ्यांच्या हत्तीची बौद्ध कथा रंगविलेली आहे. एका राणीच्या मनात त्या हत्तीविषयी जुने वैर होते. तिने त्याचे सुळे आणण्यास पारधी धाडला. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या हत्तीने त्याजवर राग न धरिता आपले सुळे कापण्यास त्यास साहाय्य केले, आणि ते सुळे पाहताच राणीचे काळीज फाटून ती मेली, अशी ती कथा आहे. त्या लेण्यांत इतकी वर्षे वावरलेल्या शिकारी गिलसाहेबांची या भिंतीशी अनेकदा गाठ पडली असेल. त्यांच्या मनात काय आले, हे सांगणे आमच्या अधिकारातील नाही. परंतु आपल्याला मारणाऱ्याचे बरे करणाऱ्या मुक्या प्राण्याचे चित्र पाहून, ज्याने वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली त्याची आठवण कोणत्या ख्रिस्ती मनुष्यास होणार नाही?

इतर धर्मीयांच्या लेण्यांची ही स्तुती आमच्या पत्रात कशाला, अशी शंका काही भाविकांस येईल. त्यांनी निवासमंडप बांधणाऱ्या बसालेलाची गोष्ट वाचावी. हातातील कसब हेही देवाच्या आत्म्याचे दान आहे, असे तेथे शिकविलेले आहे. मूर्तीस नमन न करणे ही एक गोष्ट, आणि मनुष्याच्या प्रामाणिक श्रमाचा मान राखणे ही दुसरी. दुसरी केल्याने पहिलीस बाध येत नाही.

इ. स. १८५६ च्या सुमारापासून गिलसाहेबांनी फोटोग्राफीची कला हाती घेतली. त्या काळची रीत फार कष्टाची होती. काचेवर औषध पसरावयाचे, ते ओले असतानाच चित्र घ्यावयाचे, आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या जागी धुऊन काढावयाचे. खानदेशच्या उन्हाळ्यात ती काच किती लवकर वाळत असेल याची कल्पना करावी. दोन डोळ्यांकरिता किंचित निराळी अशी दोन चित्रे शेजारी शेजारी घेतली, आणि ती विशिष्ट भिंगांतून पाहिली, तर वस्तू उठावदार, जणू समोर उभी असल्यासारखी दिसते. अशी जोडचित्रे त्यांनी पुष्कळ काढिली. फर्गसनसाहेबांनी त्यांस मजकूर जोडून १८६४ साली दोन पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांतील एकात पश्चिम हिंदुस्थानातील जुन्या इमारतींच्या बरोबरीने वन्य प्राण्यांसही जागा दिलेली आहे.

आता त्यांच्या चरित्रातील ती बाजू सांगितली पाहिजे, जी झाकून ठेवणे आम्हांस सोपे गेले असते. गिलसाहेबांचा १८४१ साली रीतसर विवाह झालेला होता व त्यांस मुलेबाळे होती. असे असता अजिंठ्यास त्यांनी पारो नावाच्या देशी स्त्रीशी संबंध जोडिला. ती ता. २३ मे १८५६ रोजी मरण पावली. अजिंठा गावी तिच्या स्मरणार्थ त्यांनी बसविलेला दगड आहे, आणि त्यावरून तिच्यावर त्यांचे मनापासून प्रेम होते हे दिसते. या प्रेमकथेवर आमच्या भागातील कवी ना. धों. महानोर यांनी दीर्घ काव्य रचिले, आणि त्यावरून २०१२ साली चित्रपटही निघाला. म्हणून पुष्कळांस गिलसाहेब ठाऊक आहेत ते एवढ्याच गोष्टीकरिता.

आम्ही त्या संबंधाची भलावण करीत नाही. विवाहाचे वचन हे देवापुढे दिलेले वचन आहे, मग तो गोरा अंमलदार असो वा आमच्यातील एखादा शेतमजूर. त्या दिवसांत इंग्रज अंमलदारांच्या घरी अशा देशी स्त्रिया पुष्कळ असत. त्यांचे नाव कोणी दप्तरात लिहीत नसे, आणि पुढे त्यांचे काय झाले हे कोणी विचारीत नसे. त्यांपैकी पारोचे नाव दगडावर कोरले गेले, इतकेच. पवित्र शास्त्र दाविदाचे पातक झाकीत नाही, आणि त्या पातकास्तव त्याचे बाकीचे आयुष्यही पुसून टाकीत नाही. आम्हीही तोच कित्ता गिरवितो.

आता या चरित्रातील मुख्य गोष्टीकडे वळू. इ. स. १८४५ पासून १८६३ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षांत, गिलसाहेबांनी सुमारे तीस मोठी चित्रे पुरी करून टप्प्याटप्प्याने लंडनास धाडिली. मध्यंतरी त्यांस मेजरची पदवी मिळाली. तरुणपण गेले, प्रकृती खालावली, १८५७ सालचे बंड झाले, कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले, तरी काम चालूच होते. ती चित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या प्रचंड मंदिरात लोकांस पाहण्याकरिता टांगिली. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, असे हजारो लोक त्या चित्रांपुढे उभे राहू लागले.

इ. स. १८६६ च्या डिसेंबर महिन्यात क्रिस्टल पॅलेसला आग लागली. ज्या भागात ती चित्रे होती, तो भाग जळून गेला. अठरा वर्षांच्या कामापैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे राहिली, आणि तीही केवळ तेथे टांगलेली नव्हती म्हणून. बाकी सर्वांची राखरांगोळी झाली.

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. तुमच्यापैकी कित्येकांनी खळ्यात रचलेली गंजी एका ठिणगीने जळताना पाहिली असेल. ते एका वर्षाचे पीक असते, आणि तेवढ्यानेही घर रडते. येथे अठरा वर्षांचे पीक जळाले. ज्याने ते पिकविले तो साठी उलटलेला होता व हजारो मैल दूर होता. आग विझविण्यास एक घागर ओतण्याचेही त्याच्या हाती नव्हते. ती बातमीसुद्धा आगबोटीच्या वाटेने, आठवड्यांनंतर त्याच्यापर्यंत पोहोचली असेल.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट येथे सहजच आठवते. बारूखाने त्याच्या तोंडचे शब्द गुंडाळीवर लिहून काढिले, आणि यहोयाकीम राजाने ती गुंडाळी चाकूने कापकापून शेगडीत जाळिली. मग संदेष्ट्याने काय केले? त्याने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखाने पुन्हा सर्व लिहिले, आणि पहिल्यापेक्षा अधिकच लिहिले.

गिलसाहेब संदेष्टे नव्हते, परंतु त्यांनीही दुसरी गुंडाळी घेतली. इंग्लंडास परत जाऊन विसावा घेण्याचे त्यांचे वय झालेले होते, आणि कोणी त्यांस दोष दिला नसता. तरी ते अजिंठ्यास राहिले व पुन्हा कामास लागले. त्याच काळोख्या दालनांत, त्याच वटवाघळांच्या वासात, त्याच क्षणभराच्या उजेडाची वाट पाहत हा म्हातारा माणूस पुन्हा बसू लागला. दृष्टी पूर्वीसारखी राहिली नसेल, आणि हातही पूर्वीसारखा स्थिर नसेल. मरणापूर्वी साधारण एक वर्षापर्यंत त्यांचे काम चालू होते, असे सांगतात.

इ. स. १८७९ च्या एप्रिल महिन्यात ते फार आजारी पडले. खानदेशात तेव्हा रेल्वे येऊन काही वर्षे झाली होती. त्यांस भुसावळकडे आणीत असता वाटेतच ता. १० एप्रिल रोजी त्यांचा प्राण गेला, आणि भुसावळच्या मातीत त्यांस ठेविले. मरणसमयी त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्यामागे काम थांबले नाही. त्यांच्या हयातीतच, १८७२ साली, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास येऊन नव्याने नकला करू लागले होते. हे काम १८८५ पर्यंत चालले. आणि आश्चर्य असे, की लंडनास धाडलेल्या त्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ सालच्या दुसऱ्या आगीत सापडून नाश पावल्या. तरी उरलेल्यांवरून ग्रिफिथ्ससाहेबांनी १८९६ पासून मोठे पुस्तक छापविले. नंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांस बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या. पुढे निजाम सरकारच्या पुराणवस्तु-खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून लेण्यांचे फोटो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. इ. स. १९८३ साली युनेस्कोने अजिंठ्याची गणना साऱ्या जगाच्या ठेव्यात केली. एकाची मशाल विझली की दुसऱ्याने ती पेटवावी, असे हे चालत आले आहे. गिलसाहेबांच्या वाचलेल्या चित्रांपैकी चार आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. नकला करणाऱ्यांपैकी काहींनी भिंतींवरील रंग उजळ दिसावे म्हणून त्यांस वार्निश लाविले. हेतू चांगला होता, परंतु ते वार्निश पुढे पिवळे व काळपट पडले, आणि ते काढण्यास नंतरच्या लोकांस फार श्रम पडले. दुसऱ्याच्या कामास उजळा देण्याच्या भरात आपण त्यावर आपलाच लेप चढवीत नाही ना, हे उपदेशकांनी व शिक्षकांनीही वेळोवेळी तपासून पाहावे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो. गिलसाहेबांची कथा आमच्या पत्रात का? आमच्या मंडळ्यांत असे पुष्कळ कामकरी आहेत, की ज्यांनी एखाद्या गावी दहा-पंधरा वर्षे खपून दोन-चार कुटुंबे उभी केली, आणि दुष्काळाने किंवा कामधंद्याच्या शोधात ती कुटुंबे पांगून गेली. एखाद्या शिक्षकाने शाळा चालविली आणि पोरे सुरतेस वा नाशकास निघून गेली. असा भाऊ संध्याकाळी ओसरीवर बसून मनाशी म्हणतो, की माझे काम जळाले, आता काय उरले? त्याने या वाघमाऱ्या चित्रकाराची आठवण करावी. प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल, असे पौलाने करिंथच्या मंडळीस बजाविले आहे. कॅनव्हास जळतो, लाकूड जळते, गवत जळते. परंतु पुन्हा उठून त्याच भिंतीपुढे बसण्याचा जो निश्चय मनुष्याच्या अंतःकरणात देव निर्माण करतो, त्यास आग लागत नाही. केवळ मनुष्यांच्या चित्रांकरिता जर एका सदोष मनुष्याने एवढे केले, तर ज्या भिंतीवर प्रभूची प्रतिमा उमटवावयाची आहे, त्या मनुष्यांच्या अंतःकरणापुढे आपण किती वेळा पुन्हा बसावे?

पुढे कधी भुसावळास गाडीकरिता खोळंबा झाला, तर आमच्या वाचकांनी त्या जुन्या कबरस्थानाकडे मन वळवावे, आणि ज्या नदीच्या काठी गिलसाहेब म्हातारे झाले त्या वाघुरेचे पाणी आपल्याच शेतांजवळून वाहते हे आठवावे. आपापल्या अर्ध्या राहिलेल्या वा जळून गेलेल्या कामाकडे परत जाण्यास देव आपणां सर्वांस बळ देवो.